वाचक विचारतात: @(पी.स्टेटस) नेमकं कोणाकडे बघत बसतं?

या वेळी सिस्टमव्हेरिलॉगवर (चिपचं डिझाइन लिहायची आणि तपासायची भाषा) बरीच पत्रं आलीत आणि गंमत म्हणजे त्यातली निम्मी एकाच दुखण्याची आहेत, ऑब्जेक्टच्या आतला मेंबर बदलला की थांबलेला थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) उठतो का, कधी उठतो, कधी नाही उठत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज एवढंच.

प्रश्न: सर, मी पुण्यात व्हेरिफिकेशनमध्ये ज्युनिअर आहे. माझ्या मॉनिटरमध्ये (सिग्नलवर नजर ठेवणारा कोडचा भाग) एक थ्रेड @(पी.स्टेटस) वर थांबलेला असतो. पी हे पॅकेट क्लासचं हँडल आहे, म्हणजे ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारं नाव, आणि दुसऱ्या एका थ्रेडमध्ये मध्येच पी = क्यू होतं. कधी कधी स्टेटसला कोणीच हात लावलेला नसतो तरी माझा थ्रेड उठतो आणि कधी जुन्या पॅकेटचं स्टेटस बदललेलं लॉगमध्ये स्वच्छ दिसतं तरी हा ढिम्म. लीड म्हणतात टूलचा बग आहे. खरंच बग आहे का?

उत्तर: बग नाही. तुमच्या लीडना सांगा (नीट शब्दांत सांगा, अप्रेझल जवळ असेल तर अजूनच नीट) की टूल स्टँडर्डप्रमाणेच वागतंय.

आपण कोड वाचताना मनात म्हणतो "या पॅकेटच्या स्टेटसवर थांब". पण भाषेत तसं काही लिहिलेलंच नाहीये. @ च्या कंसात जे असतं ते एक एक्स्प्रेशन असतं आणि त्या एक्स्प्रेशनचं उत्तर बदललं की थ्रेड उठतो, बस. पी.स्टेटस हे एक्स्प्रेशन म्हणजे "आत्ता पी ज्याच्याकडे बोट दाखवतंय त्याचं स्टेटस". आता यात बदलू शकणाऱ्या गोष्टी दोन झाल्या ना, एक तर स्टेटस बदलेल नाहीतर पी चं बोटच दुसरीकडे वळेल. सिम्युलेटर दोन्हीकडे लक्ष ठेवतो आणि दोन्हीपैकी काही हललं की उत्तर परत काढून बघतो. दवाखान्यात टोकनच्या बोर्डाकडे बघत बसलेला माणूस असतो ना, त्याला आकडा बदलला एवढंच कळतं, बोर्डाची वायर मागून दुसऱ्या डॉक्टरांच्या खोलीला जोडली तर आकडा तोच असेपर्यंत त्याला पत्ताही लागत नाही.

आकडे घालून बघू. समजा पी पहिल्या पॅकेटवर आहे, स्टेटस ०. क्यू दुसऱ्या पॅकेटवर आहे, त्याचंही स्टेटस ०. तुमचा थ्रेड थांबलाय. वेळ १० ला पी = क्यू झालं. उत्तर आधी ०, आत्ताही ०, थ्रेड झोपलेलाच, पण आता तो दुसऱ्या पॅकेटकडे बघतोय. वेळ १५ ला स्कोरबोर्डने (आलेलं उत्तर बरोबर आहे का ते ताडून बघणारा भाग) त्याच्याकडच्या वेगळ्या हँडलमधून पहिल्या पॅकेटचं स्टेटस ४ केलं. लॉगमध्ये दिसलं, थ्रेड नाही उठला, कारण पहिल्या पॅकेटशी त्याचं आता काही घेणंदेणं नाही. वेळ २० ला दुसऱ्या पॅकेटचं स्टेटस ४ झालं, तेव्हा उठला. आता हेच सगळं परत करा पण क्यू चं स्टेटस सुरुवातीपासून ३ ठेवा. वेळ १० ला पी = क्यू झाल्याझाल्या उत्तर ० चं ३ झालं आणि थ्रेड तिथेच उठला, स्टेटसला कोणी शिवलेलं नसताना. तुमची दोन्ही कोडी सुटली.

हे मी मनाने सांगत नाहीये, आयट्रिपलई १८०० मध्ये, म्हणजे सिस्टमव्हेरिलॉगच्या स्टँडर्डमध्ये, इव्हेंट कंट्रोलच्या भागात जवळपास हेच उदाहरण आहे, दोन पॅकेटं, पी आणि क्यू, आणि शेजारी कॉमेंट की आता दुसऱ्या पॅकेटच्या स्टेटसची वाट बघितली जाईल, जर ते आधीच वेगळं नसेल तर. ते "जर" लोक वाचतच नाहीत. त्याच उदाहरणात नुसतं @पी सुद्धा आहे, ते फक्त हँडल बदललं की उठतं, आतलं स्टेटस कितीही हललं तरी नाही, आणि पी ला परत तेच ऑब्जेक्ट दिलं तरीही नाही.

आता उपाय. तुम्हाला त्या एका पॅकेटलाच धरून बसायचं असेल तर थांबायच्या आधी लोकल ऑटोमॅटिक हँडलमध्ये पी कॉपी करून घ्या आणि त्या लोकल हँडलच्या स्टेटसवर थांबा, मग बाहेर पी चं काही का होईना. पण मला विचाराल तर याहून चांगलं म्हणजे पॅकेट क्लासमध्येच एक टास्क लिहा ज्यात फक्त @(स्टेटस) आहे, आणि बाहेरून पी.स्टेटसची_वाट_बघ() असा कॉल करा. कॉल करताना जे ऑब्जेक्ट होतं तेच त्या टास्कसाठी धिस होतं आणि धिस नंतर बदलत नाही. वाचणाऱ्यालाही कळतं कोण कोणाची वाट बघतंय. आणि उलट, हँडल बदललेलं पण कळायला हवं असेल तर @(पी, पी.स्टेटस) असं दोन्ही लिहा, उगाच नशिबावर ठेवू नका.

जाता जाता, कंसात मेथडचा कॉलही चालतो, म्हणजे @(पी.गेट_स्टेटस()), पण ते टास्क नाही तर फंक्शन हवं, उत्तर एकच व्हॅल्यू हवं आणि मेथड व्हर्च्युअल नको. आणि त्या फंक्शनमध्ये डिस्प्ले टाकून "हे इतक्या वेळा का छापलं जातंय" असं विचारू नका, आत वाचलेला मेंबर हलला की ते परत चालवून बघावंच लागतं.

प्रश्न: माझ्या ऑलवेज_कॉम्ब मध्ये (इनपुट बदलला की आपोआप परत चालणारा ब्लॉक) सीएफजी.मोड वाचलंय. सीएफजी हे कॉन्फिग क्लासचं ऑब्जेक्ट. टेस्टमधून मोड बदलला तरी आउटपुट बदलत नाही, पण दुसरा एखादा इनपुट हलला की अचानक बरोबर येतं. वरून कधी कधी सुरुवातीलाच नल हँडलची (कुठल्याच ऑब्जेक्टकडे बोट नसलेल्या) एरर येते.

उत्तर: इथे मात्र सगळं उलट आहे आणि म्हणूनच लोक फसतात. @(सीएफजी.मोड) असं तुम्ही स्वतः लिहिलंत तर ते चालतं, वर बघितलं तसं. पण ऑलवेज_कॉम्ब काय काय हललं की चालायचं याची यादी आपली आपणच बनवतो, आणि स्टँडर्डमध्ये स्पष्ट वाक्य आहे की क्लास ऑब्जेक्टचा उल्लेख किंवा त्याच्या मेथडचा कॉल या यादीत काहीच भर घालत नाही, अपवाद फक्त त्या मेथडला दिलेल्या आर्ग्युमेंटचा. म्हणजे वाय = सीएफजी.काढ(ए) लिहिलंत तर ब्लॉक ए हलल्यावर चालेल, सीएफजीच्या पोटात काय हललं त्यावर नाही. तुमचा दुसरा इनपुट हलला की ब्लॉक चालतो, त्या वेळी मोडची ताजी व्हॅल्यू वाचतो, म्हणून "अचानक बरोबर". असे बग मला सगळ्यात जास्त खटकतात कारण बहुतेक टेस्टमध्ये तो दुसरा इनपुट सारखा हलत असतो आणि सगळं पास होतं.

नलची एरर वेगळी. ऑलवेज_कॉम्ब वेळ शून्यला एकदा आपोआप चालतोच, तेव्हा टेस्टने सीएफजी बनवलेलंच नसेल तर तो कशाला हात लावणार.

हे असं का ठेवलं असेल याचा इतिहास बघितला की जरा राग कमी होतो. @ हे मूळ व्हेरिलॉगचं, म्हणजे १९८० च्या दशकातलं, गेटवे कंपनीत फिल मूर्बी वगैरे मंडळींनी केलेलं, तेव्हा समोर फक्त वायर आणि रेजिस्टर होते, सगळे डिझाइनमध्ये ठरलेल्या जागी बसलेले. क्लास आले नंतर, व्हेरा या टेस्टबेंचच्या (डिझाइन तपासणाऱ्या कोडच्या) भाषेतून, ॲक्सेलेरा या स्टँडर्ड बनवणाऱ्या संस्थेच्या सिस्टमव्हेरिलॉग ३.१ आवृत्तीत २००३ ला आणि मग २००५ ला आयट्रिपलई १८०० झालं. ऑलवेज_कॉम्ब हे हार्डवेअर दाखवायला आहे आणि हार्डवेअरमध्ये रनटाइमला न्यू करून काही उगवत नाही. कंटिन्युअस असाइनमध्ये (ब्लॉकच्या बाहेर, कायम लागू असलेलं असाइन) तर ऑब्जेक्टचा मेंबर वाचायलाही परवानगी नाही, ते प्रोसिजरल ब्लॉकमध्येच. माझं मत, ऑलवेज_कॉम्बमध्ये पण सरळ एरर ठेवायला हवी होती, गप्प बसून यादीतून वगळण्यापेक्षा.

तुम्ही काय कराल तर मोड इंटरफेसमधल्या (सिग्नलांचा एकत्र गठ्ठा) एका साध्या व्हेरिएबलमध्ये आणा आणि ऑलवेज_कॉम्बला ते वाचू दे. आणणारा तुकडा टेस्टबेंचमध्ये, आधी वेट(सीएफजी != नल), मग फॉरएव्हर लूपमध्ये पहिल्यांदा कॉपी आणि नंतर @(सीएफजी.मोड). हा क्रम उलटा केलात तर पहिली व्हॅल्यू कधी पोचणारच नाही कारण @ ला बदल लागतो, आधीपासून असलेली व्हॅल्यू त्याला दिसत नाही. @* (यातही यादी आपोआप बनते) वापरून हे सुटेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

प्रश्न: मी @(पी.लेन) वर थांबून पॅकेट मोजते. ड्रायव्हरने दहा पाठवली तर माझी मोजणी सात येते. (नागपूरहून, फायनल इयर प्रोजेक्ट)

उत्तर: लागोपाठच्या काही पॅकेटांची लांबी सारखीच असणार, ६४ नंतर परत ६४. लिहिलं गेलं पण बदललं नाही, म्हणून इव्हेंट नाही. @(रांग.साइज()) मध्ये पण असं होऊ शकतं, एकाच क्षणात एक आत आणि एक बाहेर झालं तर आकडा शेवटी तोच आणि मोजणी चुकू शकते. "काहीतरी घडलं" हे कळायला व्हॅल्यूकडे बघू नका, क्लासमध्ये एक इव्हेंट मेंबर ठेवा आणि पॅकेट आलं की -> ने तो उडवा. त्यातही तुमचा थ्रेड @ वर पोचायच्या आधीच इव्हेंट उडाला तर गेला, म्हणून लोक वेट(आलं.ट्रिगर्ड) लिहितात, ते त्या टाइमस्टेपच्या शेवटापर्यंत खरं राहतं. पण हेच फॉरएव्हरमध्ये टाकलंत आणि आत वेळ पुढे सरकवणारं काहीच नसेल तर लूप त्याच क्षणात गरगर फिरत राहील आणि सिम्युलेशन अडकेल. मोजायचंच असेल तर मेलबॉक्स (थ्रेडमधली निरोपांची रांग) वापरा ना, प्रत्येक पुटला एक गेट, काही हरवत नाही.

प्रश्न: आमच्याकडे व्हीएचडीएल (हार्डवेअर लिहायची दुसरी भाषा) आहे. प्रोटेक्टेड टाइपच्या (आतली माहिती फक्त त्याच्या मेथडमधूनच हाताळू देणारा प्रकार) आतल्या व्हेरिएबलवर वेट करता येतं का?

उत्तर: नाही. व्हीएचडीएलमध्ये इव्हेंट फक्त सिग्नलला असतो, व्हेरिएबलला नाही, मग ते शेअर्ड असो की प्रोटेक्टेड. प्रोटेक्टेड टाइपच्या मेथडमध्ये वेट लिहूनही पळवाट काढता येत नाही, तिथे त्याला बंदी आहे. एक सिग्नल ठेवा, मेथड कॉल झाल्यावर कॉल करणाऱ्या प्रोसेसनेच तो टॉगल करायचा आणि बाकीच्यांनी त्यावर थांबायचं. रेकॉर्डच्या सिग्नलचं एखादंच फील्ड असेल तर त्यावर मात्र खुशाल थांबा.

आणि तुमच्या टीममध्ये सिस्टमव्हेरिलॉगवरून आलेलं कोणी असेल तर एक सांगून ठेवा. तिथलं वेट(कंडिशन) कंडिशन आधीच खरी असेल तर थांबतच नाही, सरळ पुढे जातं. व्हीएचडीएलचं वेट अन्टिल कंडिशन खरी असली तरी थांबतं, त्यातल्या एखाद्या सिग्नलवर नवा इव्हेंट येईपर्यंत, आणि रीसेट आधीच सुटलेला असेल तर टेस्टबेंच तिथेच अडकून राहतं.