बुद्ध्यंक, बुद्ध्यांक की बुद्धिगुणांक?

बुद्धिमत्ता चाचणीतून मिळणाऱ्या अंकासाठी, म्हणजे इंग्रजीतल्या 'आयक्यू'साठी, 'बुद्ध्यंक', 'बुद्ध्यांक' आणि 'बुद्धिगुणांक' हे तिन्ही शब्द छापलेले आढळतात, तेव्हा त्यांपैकी योग्य कोणता, असे एका वाचकाने विचारले आहे. 'त्याचा बुद्ध्यंक जास्त आहे' आणि 'तो बुद्धिमान आहे' ही दोन वाक्ये समानार्थी मानावीत का, हा त्यांचा दुसरा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर व्याकरणात सापडते. उरलेल्या भागासाठी मात्र बुद्धिमापनाच्या इतिहासात शिरावे लागते.

व्याकरणाचा भाग सोपा आहे. 'बुद्धि' आणि 'अंक' यांचा संधी होताना इकाराच्या जागी 'य्' येतो आणि पुढचा 'अ' ऱ्हस्वच राहतो. 'अति' आणि 'अंत' मिळून जसे 'अत्यंत' होते, तसेच 'बुद्ध्यंक'. 'बुद्ध्यांक'मधला काना बहुधा 'गुणांक', 'क्रमांक', 'निर्देशांक' या शब्दांच्या सवयीने आला असावा. पण त्या शब्दांत पहिले पद अकारान्त असल्यामुळे दोन अकार मिळून आकार होतो आणि इथे ते कारणच नाही. 'बुध्यांक' या लेखनात तर काना जादा आहेच, शिवाय 'बुद्धि'मधला 'द्'ही गळला आहे.

'बुद्धिगुणांक' हा शब्द निर्दोष आहे आणि मानसशास्त्राच्या पुस्तकांत तो रुळलेलाही आहे. तरीही मला 'बुद्ध्यंक' अधिक योग्य वाटतो, आणि त्याचे कारण या संकल्पनेच्या घडणीत आहे. आल्फ्रेद बिने आणि थेओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये जी चाचणी तयार केली, तिचा हेतू शाळेत विशेष मदतीची गरज असलेली मुले ओळखणे एवढाच होता. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत प्रश्नांची मांडणी वयानुसार झाली, आणि मूल कोणत्या वयाच्या सर्वसाधारण मुलांइतके प्रश्न सोडवते यावरून त्याची मानसिक पातळी ठरू लागली. पुढे १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागावे असे सुचवले आणि त्या भागाकाराला 'बुद्धिगुणांक' या अर्थाचे जर्मन नाव दिले. १९१६ मध्ये अमेरिकेत लुइस टर्मन यांनी बिनेंच्या चाचणीची स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेली आवृत्ती प्रसिद्ध केली आणि दशांश टाळण्यासाठी भागाकाराला १०० ने गुणले. या हिशेबाने आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा असेल, तर अंक १२५ येतो. सूत्राने काढलेल्या अशा प्रमाणाला 'गुणांक' म्हणणे त्या काळी शोभत होते.

हे सूत्र प्रौढांपाशी येऊन अडते. बौद्धिक वाढ वयाबरोबर कायम एकाच गतीने होत नसल्यामुळे चाळीस वर्षांच्या माणसाचे 'मानसिक वय' सांगण्यात फारसा अर्थ उरत नाही, आणि प्रत्यक्ष वय मात्र वाढतच राहिल्याने भागाकार दरवर्षी खाली येतो. म्हणून डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये प्रौढांसाठी केलेल्या चाचणीत भागाकार सोडून दिला आणि व्यक्तीची तुलना तिच्याच वयोगटातील इतरांशी केली. त्या वयोगटाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (अंक सरासरीपासून किती पसरलेले आहेत याचे माप) १५ धरले जाते. म्हणजे सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात आणि ११५ मिळवणारा साधारण ८४ टक्के समवयस्कांच्या पुढे असतो. आज प्रचलित असलेल्या प्रमुख चाचण्या याच पद्धतीने चालतात. भागाकार गेला, तुलनेतून ठरणारा अंक तेवढा उरला. 'बुद्ध्यंक' हा शब्द नेमके तेवढेच सांगतो.

आता दुसरा प्रश्न. अंक तुलनेतून येत असल्यामुळे तो टक्केवारी नाही, म्हणून '१२० टक्के बुद्ध्यंक' हा प्रयोग चुकीचा आहे. या मापनपट्टीला खरे शून्यही नाही. त्यामुळे १४० अंकाच्या माणसाकडे ७० अंकाच्या माणसाच्या दुप्पट बुद्धी आहे, असेही म्हणता येत नाही. शिवाय ही तुलना त्या त्या काळी चाचणी दिलेल्या नमुन्यादाखल निवडलेल्या लोकांशी असते. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की विसाव्या शतकात अनेक देशांतील चाचण्यांवरची कामगिरी दर दशकाला सुमारे तीन अंकांनी वाढत गेली होती. तुलनेसाठी वापरायची प्रमाणके वेळोवेळी नव्याने ठरवावी लागतात ती यामुळेच.

याहून खोल अडचण 'बुद्धि' या पहिल्या पदात आहे, कारण चाचणी नेमके काय मोजते याबद्दल मानसशास्त्रातच एकमत नाही. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये निरनिराळ्या विषयांतील गुणांचा परस्परसंबंध पाहून त्यांच्यामागे एक सामान्य, म्हणजे सगळ्या विषयांत कामी येणारा, घटक असल्याचे मांडले. लुइस थर्स्टन यांनी १९३८ मध्ये शब्दाकलन, संख्याकौशल्य, स्मरण, अवकाशबोध अशा सात प्राथमिक क्षमता सांगितल्या. रेमंड कॅटेल यांनी नवी अडचण सोडवणारी प्रवाही बुद्धिमत्ता आणि ज्ञानातून साठत गेलेली स्फटिकीभूत बुद्धिमत्ता असा भेद केला. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये संगीत आणि शरीरहालचाली यांनाही स्वतंत्र बुद्धिमत्तांचा दर्जा दिला, पण त्या मांडणीला प्रायोगिक आधार अपुरा असल्याची टीका आजही होते आणि मला ती टीका रास्त वाटते. दुसरीकडे, सामान्य घटक मानला तरी कोणतीही एक चाचणी त्याचा अंदाजच देते. बुद्धी ही ठरीव, न वाढणारी राशी आहे या समजाला खुद्द बिने यांनीही १९०९ मध्ये ठाम विरोध केला होता.

तेव्हा 'तो बुद्धिमान आहे' हा गुणाबद्दलचा अभिप्राय आहे आणि 'त्याचा बुद्ध्यंक ११५ आहे' हे मोजणीचे विधान आहे. दुसरे वाक्य लिहिताना चाचणीचे नाव आणि ती घेतली तेव्हाचे वय जोडावे, कारण त्यांच्यावाचून तो आकडा अपुरा राहतो. हल्ली सर्रास दिसणारा 'भावनिक बुद्ध्यंक' हा प्रयोगही याच कसोटीवर पाहावा. पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या संकल्पनेसाठी 'भावनिक बुद्धिमत्ता' हा सरळ शब्द आहे, आणि जिथे कोणतीही चाचणी झालेली नाही, कोणताही आकडा हाती नाही, तिथे 'अंक' हे पद लावू नये.