घरातल्या रोजच्या वस्तूंसाठी शोभिवंत आणि कामाचे होल्डर कसे निवडावेत?

तुम्ही लिहिलंय की किल्ल्या, चष्मा, पेनं, टूथब्रश, साबण, सुऱ्या, छत्री अशा वस्तूंसाठी हौसेने छान छान होल्डर आणता, पण थोड्याच दिवसांत वस्तू पुन्हा टेबलावर आणि होल्डर कोपऱ्यात धूळ खात. शिवाय घर भाड्याचं, त्यामुळे भिंतीला भोकं पाडायची सोय नाही. या बारीकसारीक गोष्टींचा मला मनापासून नाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नवीन काही आणण्याआधी चार-पाच दिवस आवराआवर थांबवा आणि कुठली वस्तू कुठे पडते ते नुसतं बघा. किल्ल्या रोज चपलांच्या कपाटावर पडत असतील, तर होल्डर त्या कपाटावर किंवा त्याच्या अगदी वर हवा. तिथून चार पावलं आत लावलेली खुंटी कितीही देखणी असली तरी किल्ल्या तिथवर पोचत नाहीत. दुसरं असं की वस्तू ठेवायला एकच हात आणि एकच हालचाल पुरली पाहिजे. झाकण उघडा, आधीची वस्तू बाजूला सरकवा, अरुंद खाचेत नेम धरा, असं काही करावं लागलं की वस्तू बाहेरच राहते. काढताना थोडा त्रास झाला तर माणूस तो सोसतो, कारण त्याला वस्तू हवी असते. ठेवताना मात्र त्याचं मन पुढच्या कामात गेलेलं असतं. दुकानात बहुतेक होल्डर आपण वस्तू त्यातून कशी काढता येईल या नजरेने बघतो. ती ठेवता कशी येईल, ते बघून निवडा. माझ्या मते निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

चांगल्या होल्डरची आणखी एक खूण म्हणजे वस्तू जागेवर नसेल तर ते लांबूनच कळतं. अमेरिकेतल्या प्रसिद्ध पाककलातज्ज्ञ ज्युलिया चाइल्ड यांच्या स्वयंपाकघरात भोकांच्या फळीवर भांडी टांगलेली असत आणि प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा मागे फळीवर काढलेली असे. भांडं उचललं की रेषा उघडी पडायची, म्हणजे काय कुठे परत जायचं हे कुणाला विचारायला नको. ते स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे. घरी अशा रेषा काढायची गरज नाही, तत्त्व मात्र उचला. कात्रीसाठी एक खुंटी, टॉर्चसाठी एक कडी, प्रत्येकाच्या किल्लीला वेगळा हुक. म्हणूनच चार माणसांच्या घरात किल्ल्यांसाठी वाडग्यापेक्षा हुकांची पट्टी मला बरी वाटते. रिकाम्या हुकावरून कोण बाहेर आहे तेही समजतं. वाडग्यात सुटे पैसे, पावत्या, जुन्या बॅटऱ्या जमत जातात आणि किल्ली तळाशी जाते. एकट्या माणसाला वाडगा चालेल, पण तो उथळ आणि लहानच घ्यावा. गाडीची किल्ली बिनखटक्याची, म्हणजे नुसती जवळ असली तरी दार उघडणारी असेल, तर मात्र ती दारालगत ठेवू नका. तिचा संकेत बाहेरून पकडून गाडी पळवण्याची पद्धत चोरांना ठाऊक झालेली आहे.

आता शोभेचं. होल्डर दुकानात रिकामा दिसतो आणि घरी तो भरलेला असतो, हे विकत घेताना विसरायला होतं. नक्षीदार पेनदाणीत वेगवेगळ्या टोपणांची पंधरा पेनं उभी राहिली की नक्षी शोधावी लागते. माझा ठोकताळा असा आहे: वस्तू रंगीबेरंगी असतील तर होल्डर साधा, एका रंगाचा, वस्तू साध्या असतील तर होल्डरला मिरवू द्या. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५३ साली केलेलं ‘हँग इट ऑल’ हे टांगणं या बाबतीत बघण्यासारखं आहे. तारेच्या चौकटीला रंगीत लाकडी गोळे लावलेत, बस. मुलांनी आपल्या वस्तू आपण टांगाव्यात म्हणून ते केलं होतं. रिकामं असलं तर भिंतीवरचं चित्र वाटतं, भरलं तरी मधूनमधून रंग डोकावतात. आणि टोकाला गोळा असल्यामुळे कोटाच्या मानेला टोक पडत नाही, मुलाच्या डोळ्यालाही धोका कमी. म्हणजे जी शोभा आहे तीच कामही करते. डोरोथी बेकर या जर्मन डिझायनरचं १९६९ सालचं ‘उटेन सिलो’ही असंच: प्लॅस्टिकच्या एकसंध फलकावर वेगवेगळ्या मापांचे खण, मध्येच हुक, मध्येच चिमटा. त्यात वस्तू गच्च भरल्या तरी पसारा वाटत नाही, कारण खणांचे आकारच मुळात एकमेकांपेक्षा वेगळे आहेत. तुमच्याकडे बारीक वस्तूंचा भरणा असेल तर असा भिंतीवरचा फलक टेबलावरच्या पाच डब्यांपेक्षा उपयोगाचा.

नक्षी कुठे नको, हेही सांगते. जिथे पाणी, साबण किंवा तेलाचा हात लागतो तिथे अजिबात नको. कोरीव फुलापानांत साका बसतो आणि तो दात घासायच्या ब्रशानेच काढावा लागतो. अशा जागी पृष्ठभाग गुळगुळीत हवा आणि कोपरे गोल. शोभा रंगातून, आकारातून येऊ द्या.

ओल्या वस्तूंबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण खरी हानी तिथेच होते. साबण एकदा वापरला की त्याच्या खालच्या बाजूला पाण्याचा थर राहतो. सपाट तळाच्या साबणदाणीत हे पाणी कुठेच जात नाही, साबण ते शोषून मऊ होतो आणि दुसऱ्या दिवशी उचलताना निम्मा गर तळाला चिकटून राहतो. साबणदाणी घेताना ती उलटीसुलटी करून तीन गोष्टी बघा. साबण कमीत कमी जागी टेकेल अशा उंच, बारीक कडा आहेत का, पाणी जायला भोकं किंवा एका बाजूला उतार आहे का, आणि खाली साचलेलं पाणी ओतून धुता येईल असा वरचा भाग सुटा होतो का. दोन साबण आलटूनपालटून वापरले तर प्रत्येकाला वाळायला वेळ मिळतो आणि दोन्ही जास्त टिकतात. लाकडी साबणदाणी सुंदर दिसते, पण तिचे पाय उंच असले तरच घ्या. नाहीतर खालून काळी पडते.

टूथब्रशचंही तसंच. अमेरिकन डेंटल असोसिएशनचा सल्ला आहे की ब्रश उभा ठेवावा, हवेत वाळू द्यावा, एकाचा ब्रश दुसऱ्याला लागू देऊ नये आणि बंद डबीत नेहमी ठेवू नये, कारण ओलाव्यात जंतू वाढतात. नेहमीच्या खोल पेल्यात ब्रशावरचं पाणी ओघळून तळाशी साचतं. २०११ साली एनएसएफ इंटरनॅशनल या संस्थेने २२ घरांतल्या रोजच्या वस्तू तपासल्या, तेव्हा सर्वांत अस्वच्छ ठरलेल्यांत भांडी घासायच्या स्पंजाबरोबर टूथब्रशचा होल्डरही होता. म्हणून तळ उघडा असलेला, भिंतीला लावायचा आणि प्रत्येक ब्रशाला वेगळी खाच असलेला होल्डर घ्या. पेलाच आवडत असेल तर तोंड इतकं रुंद हवं की आत हात किंवा स्पंज जाईल. कमोड जवळ असेल तर ब्रश त्यापासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा.

न्हाणीघरासाठी धातू घ्यायचा झाला तर ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील बघा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, साध्या वापराला ते टिकतं. समुद्राजवळच्या घरात ३१६ दर्जाचं चांगलं, त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे खाऱ्या हवेला ते जास्त दाद देत नाही. ब्लीचने पुसलं तर मात्र चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात.

सुऱ्यांसाठी लाकडी ठोकळ्यापेक्षा चुंबकी पट्टीच्या बाजूने माझं मत आहे. ठोकळ्याच्या खाचा आतून धुता येत नाहीत आणि उभ्या खाचेत पातं प्रत्येक वेळी धारेवर घासत जातं. चुंबकी पट्टीवर सुरी लावायची एक पद्धत आहे. आधी पात्याची बोथट पाठ पट्टीला टेकवायची, मग मनगट हळूच वळवून पातं सपाट बसू द्यायचं. काढताना उलट: पाठ तशीच टेकलेली ठेवून धारेची बाजू आधी उचलायची. असं केलं की धार पट्टीवर आपटत नाही. पट्टी शेगडीच्या वर आणि मुलांचा हात पोचेल अशी नको. सिरॅमिकच्या सुऱ्या चुंबकाला चिकटत नाहीत, त्यांना आवरण घालून खणात ठेवा.

पेनदाणीची उंची पेनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असावी. चौदा सेंटिमीटरच्या पेनाला नऊ-दहा सेंटिमीटरचा डबा पुरतो. त्याहून खोल झाला की लहान पेन्सिली बुडतात, उथळ झाला की सगळा कलंडतो. शाईचं पेन निब वर करून उभं ठेवा. दोन्ही टोकांना लिहिणारे मार्कर आडवे ठेवावे लागतात, एरवी एक टोक सुकतं. रंगवायचे ब्रश धुतल्यावर लगेच केस वर करून उभे ठेवू नका. पाणी धातूच्या पट्टीत उतरतं आणि आतला डिंक सुटतो. आधी आडवे वाळवा, मग खुशाल फुलदाणीसारखे मांडा.

चष्म्यासाठी आतून मऊ कापड लावलेला उभा होल्डर उशाजवळ, अंधारात चाचपून सापडेल असा. छत्रीच्या स्टँडला बुड जड, उंची छत्रीच्या निम्म्याहून जास्त आणि तळाला सुटा होणारा ट्रे. इतकं पुरे.

आता तुमची भिंत. हुकावर किती वजन आहे याइतकंच ते भिंतीपासून किती पुढे लटकतंय हे महत्त्वाचं असतं. समजा हुकाची पट्टी पाच सेंटिमीटर उंच आहे आणि दोन किलोची पिशवी भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे लटकते आहे. पट्टीच्या वरच्या कडेला भिंतीतून उपटून काढणारी ओढ तेव्हा दोन किलोची राहत नाही, जवळजवळ चार किलोची होते. तीच पिशवी अडीच सेंटिमीटरवर असेल तर ओढ एका किलोवर येते. म्हणून चिकटवायचा हुक आखूड दांड्याचा आणि उंच पट्टीचा निवडा. पुढे आलेल्या खणांचे जड फलक चिकटपट्टीवर लावू नका. ते टेबलावर भिंतीला टेकवून किंवा कपाटाच्या बाजूला अडकवून ठेवता येतात. दाराच्या वरच्या कडेवर बसणारे हुकही भाड्याच्या घरात कामाचे, फक्त दार नीट बंद होतंय ना ते आधी पाहा.

सक्शन कप काच आणि गुळगुळीत टाइलवरच चालतात. कपाखालची हवा बाहेर ढकलली जाते आणि बाहेरच्या हवेचा दाब त्याला धरून ठेवतो; पृष्ठभाग खडबडीत असला किंवा कप दोन टाइलांच्या सांध्यावर आला की हवा आत शिरते आणि तो सुटतो. चांगला बसलेला कपही हळूहळू ढिला होतो, त्यामुळे मधूनमधून काढून, पुसून पुन्हा दाबावा लागतो. त्याच्यावर काचेची वस्तू ठेवू नका.

चिकटपट्टीचं यश लावण्याआधीच्या पुसण्यात असतं. साध्या साबणाचा किंवा फिनाइलचा पातळ थर मागे राहतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि पाकिटावर जेवढा वेळ सांगितलाय तेवढा वेळ भार टाकू नका. बऱ्याच पट्ट्यांना किमान तासभर लागतो. हाताला पांढरी पूड लागणाऱ्या डिस्टेंपरच्या भिंतीवर ती टिकणार नाही, कारण पट्टी रंगाला चिकटते आणि रंगच भिंतीला सोडतो. अशा भिंतीऐवजी टाइल, काच किंवा कपाटाचा सनमायका शोधा. घर सोडताना ओढून काढायच्या पट्टीचं खालचं टोक धरा आणि भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढत जा. पट्टी लांबत लांबत मागून सुटते आणि रंग शाबूत राहतो. स्वतःकडे ओढलीत तर रंगाचा पोपडा बरोबर येईल.