बरं झालं, आत्ता कळलं

नौपाडा, ठाणे
रविवार सकाळ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज वाचला. टीम लीड होऊन तीन आठवडे होतायत न होतायत तोच साहेबांनी "जरा उत्साह आवर" म्हणून सुनावलं आणि तू खट्टू झालीस. ऐरोलीच्या त्या काचेच्या इमारतीत सगळे मान खाली घालून बसलेत आणि तू एकटी "चला, करून टाकू" म्हणत टेबलाटेबलांशी फिरतेयस, हे मला इथे बसून दिसतं. मोबाइलवर एवढं टाइप करणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून पत्र.

आवरू नकोस, हे आधी सांगून टाकतो. एकाचा मूड दुसऱ्याला लागतो. सिगल बारसेड या अमेरिकी संशोधक बाईंनी २००२ साली यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. छोटे गट करून त्यांना बोनस कसा वाटायचा या चर्चेला बसवलं आणि गटात एक शिकवून तयार केलेला नट पेरला. तो कुठे चिडचिड करायचा, कुठे मरगळून बसायचा. चांगल्या मूडच्याही दोन तऱ्हा होत्या, एक उसळता उत्साह आणि दुसरी शांत आपुलकी. त्याचा मूड बाकीच्यांत पसरला. जिथे चांगला मूड पसरला तिथे सहकार्य वाढलं, खटके कमी उडाले. त्यातली ती शांत आपुलकी लक्षात ठेव. मला ती कळायला एक पंप जाम व्हावा लागला.

१९९१ची गोष्ट. मी रबाळ्याच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होतो. ट्रान्स हार्बरची लोकल तेव्हा नव्हती, कंपनीची बस ठाणे स्टेशनवरून उचलायची आणि मी बसमध्येच पोरांना पेटवायला सुरुवात करायचो. आज बॅच वेळेआधी काढायची, काय समजलात! एका रात्री चहाच्या वेळी ऑपरेटर आला. "साहेब, तीन नंबर पंपाच्या ग्लँडमधून गळतंय. आवाजही वेगळा येतोय." मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हसत म्हणालो, "अरे, सुरुवातीलाच रडगाणं नको. बॅच निघू दे."

रागावलो असतो तर तो निदान भांडला असता. पण हसऱ्या माणसाशी कोण भांडणार? पुढचे दहा दिवस लॉगबुकात त्याच्या गोल, वळणदार अक्षरात रोज एकच ओळ असायची, "पंप नं. ३ ओके". अकराव्या रात्री अडीच वाजता बेअरिंग जाम झालं आणि प्लांट नऊ तास बंद राहिला. ते लॉगबुक मी नंतर कितीदा उलटून पाहिलं असेल! त्या "ओके"वर सही माझीच होती.

मेंटेनन्सचे फोरमन आले. रिटायरमेंटला आलेले, मितभाषी. त्यांच्या चेहऱ्यावर हसू मी वर्षात दोनदा पाहिलं असेल, त्यातलं एकदा दसऱ्याच्या पूजेला. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, आत्ता कळलं," आणि म्हणता म्हणता हातमोजे चढवले. कुणीही वाईट बातमी आणली की त्यांचं हे वाक्य ठरलेलं. "का झालं, कोणी केलं" याची चौकशी व्हायची, पण पंप फिरायला लागल्यावर. त्यांच्याकडे पोरं थेंबभर गळती घेऊनसुद्धा धावत जायची आणि ओव्हरटाइमला कधी कुरकुरायची नाहीत. माझ्या तेव्हाच्या हिशेबाने हा माणूस उत्साही नव्हताच. (आता तुमच्याकडे उत्साह यावा म्हणून कर्जतच्या रिसॉर्टवर नेऊन सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट घालतात. जेवण चांगलं असतं म्हणतात.)

दहीहंडी तू लहानपणापासून बघतेस. २०१२ला इथे ठाण्यातच जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थरांचा ४३.७९ फुटांचा गिनेस विक्रम केला. आपण बघे थर चढताना ओरडतो. गुरुपौर्णिमेपासून सुरू होणाऱ्या एखाद्या पथकाच्या सरावाला मात्र जाऊन उभी राहा. तिथे थर उतरवण्याचीही घोकंपट्टी चालते. खालच्या थरातल्या पोराला वरचं काही दिसत नाही. खांदा सरकतोय हे त्याने वेळेवर सांगितलं आणि कुणी ऐकलं, तरच वरचा सुखरूप खाली येतो.

तू लिहिलंस की टेस्टिंगचा तो मुलगा मीटिंगमध्ये अवाक्षर काढत नाही, "सगळं ठीक" म्हणून मोकळा होतो, आणि तुला तो निरुत्साही वाटतो. मला ते वाचून लॉगबुक आठवलं. पुढच्या मीटिंगआधी त्याच्या टेबलाशी जा. "काय चाललंय" असं मोघम नको, "तुला या रिलीजमध्ये कशाची भीती वाटते" असं विचार आणि मग गप्प बस. तुला ते जड जाईल, मला माहीत आहे. तो काही बोललाच, तर लगेच धीर द्यायला जाऊ नकोस. वहीत लिहून घे, त्याच्या देखत. आणि दुपारपर्यंत त्यातली एक तरी गोष्ट मार्गी लाव. मग तुझं "चला, करून टाकू" हवं तेवढ्या मोठ्याने म्हण.

शनिवारी संध्याकाळी तलावपाळीवर ये. काकू म्हणते जेवायलाच ये, पण मला मिसळ खायची आहे, तेव्हा तिला काही बोलू नकोस. आणि तो मुलगा काय म्हणाला ते आल्या आल्या सांग.

तुझा,
काका