‘काही नाही, डोकं दुखतंय’

पत्र : मुलगी लातूरला ‘नीट’ (मेडिकलची प्रवेश परीक्षा) रिपीट करतेय. टेस्ट झाल्यावर फोन केला की ‘काही नाही, डोकं दुखतंय’ एवढंच बोलते. चुकलेला एखादा प्रश्न चार-चार दिवस घोळत बसते. झेपत नसेल तर बीएस्सी अ‍ॅग्रीला टाकावं का? – एक पालक, जि. हिंगोली

उत्तर : टेस्टच्या दिवशी हा निर्णय नकोच. मुलगी लपवतेय असंही धरू नका. आत काय होतंय ते काही मुलांना खरंच ओळखता येत नाही. धास्ती त्यांना पोटातल्या गोळ्यातून नाहीतर डोकेदुखीतून कळते. पीटर सिफ्निओस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1970च्या दशकात याला ‘अ‍ॅलेक्सिथायमिया’ म्हटलं. हा आजार नव्हे, कमीजास्त असणारी ठेवण आहे. (तरी चष्म्याचा नंबर एकदा तपासाच.)

म्हणून ‘काय वाटतंय?’ विचारू नका. ‘कधीपासून दुखतंय? पेपरच्या आधी की उत्तरं जुळवल्यावर?’ असं विचारा. वहीत तिनं रोज तीन ओळी लिहाव्यात: काय घडलं, अंगात कुठं जाणवलं, त्याला शब्द कोणता. ‘टेन्शन’ हा शब्द चालणार नाही, त्यात सगळंच खपतं. धास्ती, चीड, लाज, हिरमोड, अपराधीपणा, घरची आठवण यांतला एक निवडायचा. अपराधीपणा वारंवार आला तर ‘सोयाबीन विकून फी भरली’ हे फोनवर कोण म्हणतं ते बघा.

आता घोळण्याचं. नीटमध्ये बरोबरला 4, चुकल्यास उणे 1. येत असलेल्या प्रश्नाचा भलताच गोळा भरला की 5 गुण जातात. ते लागणारच. पण ‘मी असं का केलं?’ याला उत्तर नसतं, म्हणून ते फिरत राहतं. त्याऐवजी: ‘नेमकी कोणती पायरी चुकली? असाच प्रश्न आला तर आधी काय तपासेन?’ याचं उत्तर दोन ओळींत मावतं. त्यासाठी संध्याकाळची 15 मिनिटं ठरवा. झोपायच्या आधी नको. दिवसा विचार आला तर एक शब्द टिपून पुढं जायचं. इथं हमखास बिघडतं ते असं: वहीच रडगाण्याची होते. तीन दिवस तीच ओळ आली तर लिहिणं थांबवून कुणाशी तरी बोलावं.

झोप, जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलली तर त्याच दिवशी जा, एकटं सोडू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास.

अ‍ॅग्रीचं म्हणाल तर प्रवेश सीईटीवर होतो. फॉर्म मुदतीत भरून ठेवा, पण तिला विचारून.