कॉलेजात ओळखी होत नाहीत. खो-खोच्या संघात नाव देऊ का?

प्रिय विद्यार्थिनीस,

सेनगाव तालुक्यातील गावाहून नांदेडला येऊन तू बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलास, त्याला आता तीन महिने होत आले. वर्गातील बऱ्याच मुली अकरावी-बारावीपासूनच्या मैत्रिणी आहेत, त्या एकत्र डबा खातात, आणि तू मात्र तास संपला की थेट खोलीवर आणि शनिवार आला की एस.टी.ने गावी जातेस, असे तू लिहिले आहेस. जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना तू खो-खो खेळायचीस. इथे सूचना फलकावर संघाची सूचना वाचूनही तू नाव दिले नाहीस, कारण ओळखीचे कोणी नाही आणि ‘तुला तिथे शिकायला पाठवले आहे, खेळायला नाही’ असे वडिलांनी बजावले आहे. चारचौघींत बोलता येत नाही म्हणजे आपल्यातच काही उणे आहे का, असे तू विचारतेस.

उणे काहीही नाही. ज्यांचा गट आधीच जमलेला आहे त्यांच्या गप्पांत शिरणे हे भल्याभल्यांनाही अवघड जाते, कारण तिथे तुझ्यासाठी ठरलेले असे काही काम नसते. म्हणून मैत्रिणी शोधण्याऐवजी तू असे काम शोधावेस, जे त्याच त्या माणसांबरोबर ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा करावे लागते आणि ज्यात तू आली नाहीस तर कोणाचे तरी अडते. या कसोटीवर तुझा खो-खो मला सर्वांत योग्य वाटतो.

तू खेळलेली आहेस, तेव्हा हे तुला माझ्याहून चांगले ठाऊक असेल. दोन खांबांच्या मधल्या आठ चौकोनांत आठ जणी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववी पाठलाग करते. तिला उलट फिरता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. त्यामुळे समोरची खेळाडू रेषेपलीकडे निसटली की त्या बाजूला तोंड करून बसलेल्या मुलीला पाठीवर हात देऊन ‘खो’ देण्यावाचून तिच्यापुढे मार्ग उरत नाही. बसलेली मुलगी कशी उठते, पहिले पाऊल कोणत्या पायाने टाकते, हे खो देणारीला रोजच्या सरावातून कळत जाते. एक चौकोन रिकामा राहिला तर सरावच विस्कटतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘काल का आली नाहीस?’ असे कोणीतरी विचारतेच. परक्या शहरात आपल्याला कोणी असे विचारावे, याचे मोल मी फार मानतो. बोलण्याला तिथे आपोआप विषय मिळतो. गुडघा खरचटला, बूट फाटला, उद्या प्रात्यक्षिक आहे, इतके सुरुवातीला पुरते.

निवड होऊन गेली असली तरी क्रीडा संचालकांना स्वतः जाऊन भेट आणि सरावाला येऊ देण्याची विनंती कर. संघ बारा जणींचा असतो आणि मैदानात नऊ उतरतात. चांगल्या सरावासाठी समोर खेळणाऱ्याही लागतात, त्यामुळे येणारीला सहसा कोणी परत पाठवत नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत नांदेडसह लातूर, परभणी आणि तुझ्या हिंगोली जिल्ह्यातील मुली येतात, तेव्हा ओळखी एका महाविद्यालयापुरत्याही राहणार नाहीत.

तिथे काही कारणाने जमले नाहीच, तर राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाल. वर्षाला 120 तासांचे काम आणि दत्तक गावातील सात दिवसांचे निवासी शिबिर असते. सकाळी श्रमदानाला एकत्र फावडे धरलेल्या आणि रात्री पोळ्या लाटायला एकत्र बसलेल्या मुली शिबिरानंतर परक्या राहत नाहीत. मात्र दोन्हीकडे एकदम नाव देऊ नकोस. एकच निवड आणि निदान हे सत्र संपेपर्यंत सोडू नकोस, कारण पहिले काही आठवडे तिथेही अवघडल्यासारखेच वाटेल. दर शनिवारी गावी जाणेही थोडे कमी कर; सुटीच्या दिवशीच्या निवांत सरावात आणि त्यानंतरच्या चहात जी जवळीक वाढते, तिला तू आज मुकते आहेस.

वडिलांचा विरोध मला समजतो. खोलीभाडे आणि खानावळीचे पैसे शेतीतून काढून देणाऱ्या माणसाने अभ्यासाची काळजी करू नये, अशी अपेक्षा आपण कशी करावी? त्यांच्याशी वाद घालू नकोस, तपशील सांग. सराव किती वाजता सुरू होतो व संपतो, सोबत कोण असते, परत खोलीवर कशी येतेस, हे त्यांना स्पष्ट कळू दे आणि क्रीडा संचालकांशी त्यांचे फोनवर बोलणे करून दे. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या अभ्यासक्रमात क्रीडा, सेवा योजना अशा सहअभ्यासक्रमांनाही श्रेयांक आहेत, हेही सांग. धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, हे त्यांना सांगायला हरकत नाही. पण पुरस्काराची किंवा खेळाडू कोट्यातील नोकरीची आशा दाखवून परवानगी मिळवू नकोस, कारण ती आशा पुरी झाली नाही तर तुझ्या शब्दावरचा त्यांचा विश्वास उडेल. त्याऐवजी पहिल्या सत्राच्या परीक्षेपर्यंतची मुदत माग आणि निकाल त्यांच्या हातात ठेव. गुण घसरले तर सरावाचे दिवस कमी करण्याची तयारी तू आधीच दाखवलीस, तर त्यांना होकार देणे सोपे जाईल.

तुझा,
मार्गदर्शक