आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) ऑफ-ग्रिड, म्हणजे नळ-विजेच्या जोडणीशिवाय उभी असताना फ्रेश वॉटरची (स्वच्छ पाण्याची) टाकी परत कशी भरायची?

गाडी जागेवरून हलवायची नसेल तर पाण्याचे कॅन, दुसरं काय. अ‍ॅरिझोनात क्वार्ट्झसाइटच्या आसपास सरकारी जमिनीवर हिवाळ्यात लोक ठाण मांडून बसतात, तिथे बरेच जण हेच करतात, पिकअपमध्ये रिकामे कॅन टाकायचे, गावात जाऊन भरून आणायचे. पण 7 गॅलनचा कॅन म्हणजे 26 लिटर, म्हणजे तेवढेच किलो, तो छातीपर्यंत उचलून फिलरमध्ये, म्हणजे टाकी भरायच्या तोंडात ओतायचा तर कंबरेची वाट लागते आणि निम्मं पाणी पॅन्टवर. त्यापेक्षा 12 व्होल्टचा छोटा ट्रान्सफर पंप घ्या, कॅन खाली जमिनीवरच ठेवा, एक नळी कॅनमध्ये, दुसरी टाकीत, बस्स.

नळी फिलरमध्ये गच्च कोंबू नका हां, आतली हवा बाहेर पडायला फट लागते, नाहीतर पाणी गुळणी टाकल्यासारखं भसकन तोंडावर येतं.

40 गॅलनची टाकी असेल तर कॅनच्या सहा फेऱ्या होतात, कंटाळा येतो, मग पिकअपच्या हौद्यात ठेवायची प्लॅस्टिकची मोठी वॉटर ब्लॅडर, म्हणजे पाण्याची पिशवी परवडते, फक्त भरल्यावर वजन किती होतंय ते आधी बघा.

आणि डंप स्टेशनवर, म्हणजे आरव्हीचं सांडपाणी सोडायच्या जागी, घाण पाइप धुवायला जो नळ असतो ना, त्यातून टाकी अजिबात भरायची नाही! पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा असतो, पाटी वाचा. बागेची हिरवी नळीपण नको, पिण्याच्या पाण्याची पांढरी मिळते तीच वापरा.