आधी बूट घाल

प्रिय बाळ,

वेर्ण्याच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून खोलीवर येतोस, दार लावतोस आणि झोप येईपर्यंत मोबाइल बघत पडून राहतोस, असं तू लिहिलंस. कुणाशी भांडण नाही, पगार वेळेवर होतो, तरी कशात मन लागत नाही. हे मी समजू शकतो. पण ‘जरा बरं वाटलं की जिम लावीन’ हे मला पटलं नाही. आधी जा. बरं वाटणं मागाहून येतं.

हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक उपचार तपासला, तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. भर एवढाच, की मन होण्याची वाट न बघता सुटलेली कामं, सुटलेल्या गाठीभेटी पुन्हा थोड्या थोड्या सुरू करायच्या. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा या लोकांना जास्त आराम पडला. तुझ्यासाठी त्यातलं पहिलं काम म्हणजे बूट घालून बाहेर पडणं.

मिरामारच्या किनाऱ्यावर चालणंही चांगलंच. पण आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की ते सुटतं, आणि एकटा चालणारा चार दिवस आला नाही तर कुणाला कळतही नाही. म्हणून तुला जिम सांगतो. वेळ मात्र एकच ठरव आणि ती बदलू नकोस. रोज सकाळी सहाला तीच माणसं येतात. आमच्या फोंड्याच्या जिममध्ये कदंब बसचा एक कंडक्टर, कॉलेजची दोन पोरं आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. एरवी ही माणसं एकमेकांच्या ओळखीची झालीच नसती.

बेंच प्रेस म्हणजे बाकावर उताणं पडून छातीवरून वजनाचा बार वर ढकलायचा. त्यातला शेवटचा रेप, म्हणजे शेवटचं ढकलणं, अडकतो तेव्हा बघ. डोक्यामागे उभा असलेला बारखाली हात धरून असतो, पण लावत नाही. ‘अजून एक, अजून एक’ म्हणत राहतो. बार खरंच थांबला तरच उचलतो. मग तू उठतोस आणि त्याच्यामागे जाऊन उभा राहतोस. ज्याचं आडनावही ठाऊक नाही त्याच्यावर इतका विश्वास टाकायची सवय लागली की बोलणं आपोआप सुटतं. दोन सेटच्या मधल्या दीड मिनिटात, प्लेटा काढता-लावताना, समोरासमोर बसून निघाल्या नसत्या अशा गोष्टी माणसं सांगून जातात. वडिलांचं आजारपण, मोडलेलं लग्न. सल्ला कुणी मागत नाही, देतही नाही. दुसऱ्या दिवशी ‘बाबा कसे आहेत?’ एवढं विचारतात.

ऑक्सफर्डच्या वल्हवणाऱ्या खेळाडूंवरच्या एका अभ्यासात दिसलं, की तेवढाच व्यायाम एकट्याने करण्यापेक्षा एका लयीत मिळून केल्यावर त्यांची वेदना सोसायची ताकद जास्त वाढली. मला त्याचं नवल वाटलं नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. तू आठवड्यातून तीन दिवस जायला सुरुवात कर. कानात इअरफोन घालू नकोस. आरशात दुसऱ्याचे दंड मोजू नकोस, आणि कुणी दंड फुगवायच्या इंजेक्शनची गोष्ट काढली तर सरळ नाही म्हण.

एक मात्र ऐक. झोप उडाली, अन्न जाईना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर तिथे जिम पुरणार नाही. बांबोळीला मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत. तेव्हा मला फोन करायलाही वेळ-काळ बघू नकोस.

तुझी सकाळची शिफ्ट असते त्या आठवड्यांचं काय करायचं ते ठरवू. संध्याकाळची बॅच किती वाजता असते ते तिथल्या ट्रेनरला विचार आणि मला कळव.

तुझा,
सर